मामा, तू विचारलेलं फळ

मामा, काल दुपारी मी तुझ्या घरी आलेल्या पाहुण्याच्या हातातली ताटली हिसकावून घेतली. हिसकावूनच, दुसरा शब्द नाही. मामीनं पपनसाच्या फोडींना मीठ-तिखट लावून दिलं होतं, त्यातल्या दोन फोडी ओटीवर सांडल्या. पाहुणा म्हणजे कोण, तर रोह्याचे पाशिलकर. तू असतास तर माझ्या टाळक्यात टिचकी मारून म्हणाला असतास, "वैजे, आत कोणी हाय का नाय?"

तुला जाऊन सतरा दिवस झाले. टिचकी मारायला कोणी उरलं नाही, म्हणून मी स्वतःहूनच सगळं लिहून सांगायला बसलेय. तुझ्या गणपतीच्या कारखान्यात, तुझ्याच पाटावर. सकाळचे आठ वाजलेत, मामी आत चहा टाकतेय. काल संध्याकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

तुझ्याबद्दल लोक बरंच चांगलं बोलतायत. हमरापूरच्या कारखानदारांनी नाक्यावर तुझा फोटो लावलाय, खाली दोन ओळी आहेत. त्यात तुझं वय चुकलंय आणि तू 'मितभाषी' होतास असं लिहिलंय. मितभाषी! तेराव्याच्या दिवशी मी ते वाचून फिस्सकन हसले आणि तुझ्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. अरे, तू एकदा सुरू झालास की हातातल्या चहावर साय धरायची!

ते सगळं लिहायला लोक आहेत. मला दोनच गोष्टी सांगायच्यात. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, त्यात खोटं मी बोलत होते. आणि तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. आधी भांडणाचं सांगते, ते सोपं आहे.

बाबांची कंपनीत शिफ्ट आणि आईचं शिवणाचं काम, त्यामुळे मे महिना लागला की मला रोह्याला गाडीत बसवायचे आणि पेणला तू उतरवून घ्यायचास. बाकीची पोरं मामाकडे आंबे खायला जायची, मी कामाला यायची. तुझ्या कारखान्यात मला पहिलं काम मिळालं ते टिचकीचं. मूर्ती साच्यातून निघाली, सुटे हात जोडले, वाळली, की रंगाला जायच्या आधी तू मधल्या बोटाच्या नखानं तिच्या पोटावर टिचकी मारायचास आणि कान देऊन ऐकायचास. टण् वाजली तर पुढं. ठस्स वाजली तर आत ओल आहे, नाहीतर भेग आहे, नाहीतर जोड पकडलेला नाही. ती बाजूला. डोळ्यांची आखणी कितीही देखणी करा, आतून न बोलणारी मूर्ती गिऱ्हाइकाच्या घरी पोचायच्या आत हात टाकते, असं तू म्हणायचास. मला आवाज कळायला दोन सुट्ट्या लागल्या.

दहा-बारा वर्षांनी मी विद्यापीठात रक्तातल्या बी पेशींबद्दल शिकायला लागले तेव्हा मला ती टिचकीच आठवली. एका गणपतीत तू विचारलंस, "करतेस काय गो तू तिथं नक्की?" आणि मी मास्तरणीच्या थाटात तुला समजवायला बसले. हाडांच्या आतल्या मगजात बी पेशी घडतात, मामा. जंतू ओळखायला प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एक रिसेप्टर उभा करते. तो एका साच्यातून अख्खा निघत नाही, तुकड्यातुकड्यानं होतो. आधी जड तुकडा. तो बसला की पेशी स्वतःलाच टिचकी मारून बघते. आतपर्यंत निरोप पोचला तर ती जगते, वाढते. नाही पोचला तर तिथंच संपते. मग हलका तुकडा जोडायचा आणि पुन्हा टिचकी. मग शेवटची तपासणी असते, हा रिसेप्टर आपल्याच शरीराला तर चिकटत नाही ना? चिकटत असेल तर ती पेशी उद्या घरच्यांवरच उठणार.

"मंग तिचं काय करतात?" तू विचारलंस.

"फेकतात."

"फेकतात? अख्खी?"

"अख्खी."

तू ब्रश खाली ठेवलास. तुला खरंच राग आला होता. "अंग चांगलं हाय ना तिचं? हात वाकडा लागला म्हणून कोणी अख्खा गणपती फोडतो काय गो? हात काढायचा, दुसरा लावायचा, परत वाजवून बघायचा."

"मामा, पेशी म्हणजे गणपती नव्हे."

"मंग तुमच्या पेशीला अक्कल नाय."

आता ऐक. पेशी अगदी तेच करते. जड तुकडा तसाच ठेवते, हलका काढून टाकते, दुसरा बसवते आणि पुन्हा तपासायला उभी राहते. तेही जमलं नाही तर मग मरते, किंवा गप्प होऊन पडून राहते. हे माझ्या पुस्तकात होतं, मामा. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहून आले होते. पण सातवी शिकलेला माणूस हाताला प्लास्टर लागलेलं असताना, बसल्या जागी, मला जे वर्षभर घोकावं लागलं ते सांगून मोकळा होतो, हे काही माझ्याच्यानं गिळवेना. मी हट्टाला पेटले. त्यानंतर दर गणपतीत मी उंबऱ्यात पाय ठेवला की तू विचारायचास, "काय गो, तुमच्या पेशीला अक्कल आली काय?" आणि मी म्हणायची, "नाय आली अजून." आपण हसायचो. नऊ वर्षं मी तुला हसत हसत खोटं सांगितलं.

त्याचं तसं काही बिघडलं नसतं. माणसं असल्या लहानसहान गोष्टी मनात ठेवूनच जगतात. बिघडलं ते गेल्या दिवाळीनंतर.

तुझ्या मानेत गाठी आल्या. तू आधी म्हणालास थंडीनं सुजलंय, मग म्हणालास रंगाचा वास बाधलाय, शेवटी मामीनं तुला धरून पेणला डॉक्टरकडे नेलं. तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. रिपोर्ट तू मला फोनवर पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'बघ तुझ्या पेशींनी काय केलं'. बी पेशींचा रक्ताचा कॅन्सर, हळू चालणारा. खरं सांगू मामा? तो वाचून मी घाबरले, आणि त्याच्या मागोमाग, सांगायला लाज वाटते, बारीकसा आनंद झाला. की हे मला येतं. जगातल्या हजार रोगांमधला नेमका माझ्या पाठांतराचा रोग तुला झालाय, आता मी दाखवते.

आणि दाखवलंच की मी. ह्याच पाटासमोर बसून तुला सांगितलं, तुझ्या काही पेशींमध्ये दारात कोणी नसताना कडी वाजतेय. जंतू नाही, काही नाही, तरी रिसेप्टर आत निरोप धाडतोय, जग, वाढ, मरू नको. तो निरोप आत हातोहात जातो, साच्यावाल्याकडून घासणाऱ्याकडे, घासणाऱ्याकडून रंगाऱ्याकडे. त्यातल्या एकाला उठवून बाजूला बसवलं की पुढचं सगळं ठप्प. तुझी गोळी तेवढंच करते.

"म्हणजे रंगाऱ्याला झोपवायचा," तू म्हणालास.

"बरोबर."

"आणि हा रंगारी बाकी कुठं कामाला नाय ना? नायतर तिकडचं पण काम अडायचं."

बघ, पुन्हा. तो रंगारी दुसरीकडेही कामाला असतोच. रक्त गोठवणाऱ्या पेशींमध्येसुद्धा. म्हणून त्या गोळीनं अंगावर काळेनिळे डाग उठतात, रक्त लवकर थांबत नाही. ते मात्र मी तुला सांगितलं, तेवढं तरी सांगितलं.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्याच तपासणीत तुझ्या पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या सोडून दुप्पट झाल्या. मामीची पाचावर धारण बसली. तू फोनवर गप्प. तू गप्प म्हणजे काय, मला धडकीच भरली होती. पण मी रिपोर्ट पाहिला आणि म्हटलं, चांगलं आहे, त्या पेशी गाठींमधून उठून रक्तात आल्यात, घर सुटलंय त्यांचं, आता मरतील. महिन्यात तुझ्या मानेच्या गाठी बोटाला लागेनाशा झाल्या. त्या दिवसापासून तू डॉक्टरांचंही माझ्याकडून तपासून घ्यायला लागलास. "वैजू बोलली ना, मंग झालं." गावभर सांगत सुटलास. हे वाक्य आता मला झोपू देत नाही.

पाशिलकर तुला त्याच हॉस्पिटलच्या रांगेत भेटले. रेल्वेतून रिटायर झालेला सरळ माणूस, तोच रोग, तीच गोळी. तू त्यांना 'गोळीबंधू' म्हणायला लागलास आणि तपासणीच्या तारखेला तुम्ही दोघं जोडीनं जायला लागलात, ते रोह्याहून बसायचे आणि पेणला तुझ्यासाठी जागा धरून ठेवायचे. मामी म्हणायची, कॅन्सरला चाललेत का लग्नाला तेच कळत नाय.

आता तो प्रश्न.

शिमग्याला मी आले होते. गोळीच्या खोक्यातला तो घडीचा कागद तू आणलास, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा. तू तो पाशिलकरांकडून वाचून घेतला होतास. डोळ्यांच्या आखणीचं भिंग घेऊन तू बसलास आणि पेन्सिलीनं खूण केलेली एक ओळ मला दाखवलीस.

"हे ग्रेपफ्रूट म्हणजे काय? ह्या गोळीवर खायचं नाय म्हणतायत."

"परदेशी फळ आहे ते. आपल्याकडं मिळत नाही."

"दिसतं कसं?"

"असतं मोसंबीसारखं, मोठं. आत लालसर, जरा कडवट. जाऊ दे ना मामा, तुला कोण आणून देणार आहे इथं ते?"

तू कागदाची घडी घातलीस. मग आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलंस. तेवढ्यात माझ्या लॅबमधून फोन आला आणि मी अंगणात गेले. परत आले तेव्हा तू साच्याला तेल लावत होतास. तू काय विचारणार होतास, मामा? मोठं म्हणजे केवढं, हेच ना?

कारखान्याच्या मागच्या दारी पपनसाचं झाड आहे. मी त्याच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते.

घरातला नियम तुझ्या आईपासूनचा. गौरी-गणपती जाईपर्यंत त्या झाडाचं फळ तोंडाला लावायचं नाही. पहिलं पपनस गणपतीच्या डोक्यावर टांगायचं, विसर्जनाला खाली काढायचं, मग सगळ्यांनी खायचं. आणि आपला गणपती तर सगळ्यात शेवटी डोळे उघडायचा, गिऱ्हाइकांचे सगळे गेले की आदल्या संध्याकाळी तू त्याची आखणी करायचास. यंदाही तसंच झालं. विसर्जन करून आलो, ओल्या कपड्यांनी ओटीवर बसलो आणि मी पपनस सोलायला घेतलं. ते दरवर्षी माझंच काम. तुझी बोटं प्लास्टरनं भेगाळलेली असायची, रस झोंबायचा. मी एकेका फोडीचा पापुद्रा काढून तुझ्या हातावर ठेवत गेले. अर्धं पपनस तू एकट्यानं खाल्लंस.

"यंदा गोड लागलंय," तू म्हणालास.

आणि मी, मी मामीला सांगितलं, "झाडावर एवढी लटकलीत, रोज एक देत जा त्याला. जेवण कमी झालंय, तेवढंच पोटात जाईल." रोगप्रतिकारशक्तीची डॉक्टरेट घेतलेली भाची बोलतेय म्हटल्यावर मामी कशाला विचारील? तिनं रोज दिलं. त्याच दिवशी तू चार पपनसं पिशवीत घालून गोळीबंधूंकडे रोह्याला पाठवलीस.

दहा दिवसांनी मामीचा फोन आला की दात घासताना रक्त येतंय, दंडावरचे डाग वाढलेत. मी माझ्या टेबलाशी होते, समोर प्रयोग चालू होता. "त्या गोळीनं होतं तसं, मामी. पुढच्या तारखेला दाखवा डॉक्टरांना." असं म्हटलं मी. आज घेऊन जा, आत्ता जा, असं नाही म्हटलं. तारीख आठ दिवसांवर होती. तू पाच दिवसच थांबलास.

सकाळी तू डोकं दुखतंय म्हणालास, चहा अर्धा टाकलास, कच्च्या मूर्तींच्या फळीपाशी गेलास आणि खाली बसलास. मामीला वाटलं टेकलायस. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पेणला पोचले तेव्हा तू हॉस्पिटलात होतास पण तू नव्हतास. मी तुझ्या कपाळावर हळूच टिचकी मारून पाहिली, नर्स पाहत होती तरी. काही नाही, मामा. ठस्स.

तोपर्यंत मला यातलं काहीच लक्षात आलं नव्हतं, हे तुला पटेल का? तेराव्यानंतर मामी म्हणाली, उरलेल्या गोळ्या पाशिलकरांना उपयोगी पडतील तर बघ. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून देऊ, आणि गोळ्यांची मुदत बघायला खोका उघडला. कागद बाहेर आला. तुझी पेन्सिलीची खूण. मी ती ओळ वाचली, आणि त्याच वेळी मामी मागच्या दारानं ओच्यात दोन पपनसं घेऊन आत आली. मोसंबीसारखं, मोठं, आत लालसर, जरा कडवट. फोनवर शोधायला दोन मिनिटं लागली. ते परदेशी फळ पपनसाच्याच पोटचं आहे. पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेलं. एकात जे असतं तेच दुसऱ्यात. ते पोटात गेलं की आतडं ही गोळी मोडू शकत नाही, आणि एका गोळीचं बळ कितीतरी गोळ्यांचं होतं.

मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्या गोळीवर फळ न खातासुद्धा असा रक्तस्राव होऊ शकतो, ह्यानंच झालं असं खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही. भला माणूस. पण मला काय झालं सांगू? मला वाटलं, ह्यांनी हो तरी म्हणायला हवं होतं, नाहीतर नाही तरी. आता हे असंच राहणार.

मग मी तीन दिवस गप्प बसले. मामीला सांगायला जीभ रेटेना. पाशिलकरांना फोन करायचं मनात यायचं आणि मी पुढं ढकलायची. त्यांना सांगायचं म्हणजे का ते सांगायला लागणार, ते मामीला बोलणार, मामीला कळणार. मी स्वतःला समजवलं की चार पपनसं होती, संपली असतील एव्हाना. एका जिवंत माणसाच्या जिवापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली, मामा. तीन दिवस.

काल ते स्वतःच आले. न कळवता, बायकोला घेऊन, तुझ्या फोटोला हार घेऊन. हार घालून ओटीवर टेकले. "तारखेला आता मी एकटा," एवढंच म्हणाले. मामी आत गेली. बाहेर आली ती ताटली घेऊन. "ह्यांच्या झाडाचं हाय. तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं." पाशिलकरांनी फोड उचलली, तोंडाशी नेली.

ताटली हिसकावली ती तेव्हा.

"अगो, काय करतेस?" मामी ओरडली.

आणि मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, हातात ताटली. कागद, खूण, तू विचारलेलं, मी उडवून लावलेलं, रोज द्यायला सांगितलेलं. पाशिलकरांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. ते स्वतः मात्र शांत होते. फोड हळूच खाली ठेवली, बोटं धोतराला पुसली.

"त्यानं पाठवलेली दोन मी खाल्ली, पोरी. बाकीची नातवांना दिली. हे बघ." त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून खाली निळा डाग होता. "मला वाटलं कुठं आपटलो असेन."

त्यांच्यासमोरच मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मनानं गोळी थांबवू नका, फळ बंद करा आणि उद्याच्या उद्या रक्त दाखवायला या. पाशिलकर जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर मामी मला म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून रोज दिलं गो मी." आवाज चढवला नाही. "नको नको म्हणाला एकदा, तोंड आंबलंय म्हणाला. मी म्हटलं वैजूनं सांगितलंय, खा." मग ती ताटली घेऊन आत गेली, धुतली, पालथी घातली, आणि तेव्हापासून गप्प आहे. मला वाटलं होतं सांगून टाकलं की माझ्या उरावरचा धोंडा उतरेल. उतरला तो मामीच्या उरावर जाऊन बसला. हे मला आधी कळायला हवं होतं. मला बऱ्याच गोष्टी आधी कळायला हव्या होत्या. जे माहीत होतं ते मी तुला सांगितलं नाही, आणि जे माहीत नव्हतं ते ठणकावून सांगितलं.

एवढं लिहून झालं आणि मामी चहा घेऊन इथं आली. कप माझ्यापुढं ठेवला. मघाशी पाशिलकरांचा गाडीतून फोन येऊन गेला, पेण सोडलं म्हणाले, तुझी जागा रिकामीच ठेवलीय म्हणाले. ते मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. मग फळीपाशी गेली, जिथं तू बसलास तिथं, आणि माघी गणपतीच्या कच्च्या मूर्तींतली एक उचलून तिच्या पोटावर टिचकी मारली. मामीनं आयुष्यात कधी टिचकी मारली नव्हती, ती रंगाची माणूस. मला आवाज इथपर्यंत ऐकू आला.

"ठस्स हाय ना गो हा?" कालपासूनचं तिचं पहिलं बोलणं.

"व्हय. उजवा हात नीट लागलेला नाही."

"फेकू?"

"नको मामी. अंग चांगलं आहे. हात काढ, दुसरा लावू."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझा मामा पण हेच म्हणायचा. तुमच्या त्या पेशींवरून भांडायचात ना तुम्ही."

"मामाचंच खरं होतं. पेशी पण हात बदलते. मला माहीत होतं."

"मंग त्याला का नाय सांगितलंस गो?" मामी म्हणाली. "एवढंच तर विचारायचा तो. किती खूश झाला असता."

मामीनं प्लास्टर कालवलं, जोडाला लावलं आणि नवा हात माझ्यापुढं धरला. मी तो बसवला. जोड पकडेपर्यंत हात सोडायचा नाय, असं तू शिकवलं होतंस. चहा तिथंच गार झाला. मी धरून बसले.